गावच्या मैदानावर आठ देश: बिनपंचांचा मैत्री फुटबॉल कसा भरवावा

खेळाने माणसं जवळ येतात हे वाक्य प्रत्येक बक्षीस समारंभात ऐकू येतं. पण नुसता चेंडू टाकून दिला तर माणसं जवळ येतातच असं नाही. १९६९ मध्ये एल साल्वादोर आणि होंडुरास यांच्यात विश्वचषक पात्रतेचे सामने झाले आणि पाठोपाठ जुलैत दोन्ही देशांत युद्ध पेटलं. मूळ भांडण जमिनीचं आणि स्थलांतरितांचं होतं. सामन्यांनी त्यात तेल ओतलं. मुलांना खेळातून समजूत शिकवायची तर खेळाचे नियमच असे ठेवावे लागतात की समजुतीवाचून चेंडू पुढे जाणार नाही.

असे नियम तयार आहेत. २ जुलै १९९४ ला कोलंबियाचा बचावपटू आंद्रेस एस्कोबार याला मेदेयीन शहरात गोळ्या घालून मारण्यात आलं. विश्वचषकात अमेरिकेविरुद्ध त्याच्या पायाला लागून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला होता, त्याला जेमतेम दहा दिवस झाले होते. पुढे त्याच शहरात, टोळीयुद्धांनी पोखरलेल्या वस्त्यांत ‘शांततेसाठी फुटबॉल’ सुरू झाला. मुलगे-मुली एका संघात, पंच नाही, आणि पहिला गोल मुलीनेच करायचा. त्यातूनच तीन भागांचा फुटबॉल जगभर पसरला: आधी बोलणं, मग सामना, मग पुन्हा बोलणं. हाच खेळ गोव्यातल्या एखाद्या गावात, दोन-तीन शाळांची मुलं घेऊन, एका सकाळी कसा भरवायचा ते इथे सांगितलं आहे. वयोगट ११ ते १३ धरला आहे.

दिवस कोणता धरावा

६ एप्रिल हा संयुक्त राष्ट्रांनी २०१३ मध्ये जाहीर केलेला विकास आणि शांततेसाठीचा आंतरराष्ट्रीय क्रीडा दिन. १८९६ साली याच तारखेला अथेन्समध्ये पहिलं आधुनिक ऑलिम्पिक सुरू झालं. २३ जून हा ऑलिम्पिक दिन. १८९४ मध्ये पॅरिसला त्या दिवशी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची स्थापना झाली. आपल्याकडे जूनच्या तेविसाव्याला मैदानात घोटाभर चिखल असतो, म्हणून तो दिवस सभागृहातल्या कार्यक्रमाला ठेवा आणि खेळ ६ एप्रिलला किंवा त्याआधी डिसेंबर ते फेब्रुवारीत घ्या. भातकापणी झालेलं शेतही चालतं, फक्त मालकाची परवानगी हवी आणि भाताची खुंटं काढलेली हवीत. एप्रिलमध्ये सकाळी सातला मुलं जमलीच पाहिजेत. साडेदहानंतर उन्हात कुणालाही धावायला लावू नका.

फलकावर ऑलिम्पिकची पाच वर्तुळं काढू नका. ते चिन्ह आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या मालकीचं आहे, परवानगीवाचून वापरता येत नाही. कार्यक्रमाच्या नावातही ‘ऑलिम्पिक’ नको; ‘मैत्री फुटबॉल’ पुरे.

संघ पाडणं

सगळ्यात नाजूक काम हेच. ५६ मुलं धरा: २४ मुली, ३२ मुलगे. आठ संघ, प्रत्येकात ३ मुली आणि ४ मुलगे. एका वेळी मैदानात पाच जण, त्यांत दोन मुली तरी हव्यातच; बाकीचे दोघे बदली. गोलरक्षक नाही.

संघ वाड्यावार किंवा शाळावार पाडायचे नाहीत. तसं केलंत की गावात आधीपासून जी चुरस आहे तीच मैदानात उतरते. मुलींच्या चिठ्ठ्यांचा एक डबा, मुलग्यांचा दुसरा, आणि प्रत्येक डब्यात शाळेनुसार वेगळ्या रंगाची चिठ्ठी. एका संघात एकाच रंगाच्या चारपेक्षा जास्त चिठ्ठ्या आल्या तर शेवटची परत टाकून नवी काढा. सोडत मुलांसमोरच काढा, नाहीतर ‘सरांनी आपलीच मुलं एकत्र घातली’ हा संशय दिवसभर पुरतो. ‘आमच्या क्लबचा तयार संघ आहे, तोच घ्या’ असा आग्रह होईल. तो गोड बोलून पण ठामपणे नाकारा. एका संघात मराठी शाळेतला एक, कोकणी बोलणारी एक, घरी कन्नड किंवा हिंदी बोलणारा एखादा असं मिश्रण झालं, की चेंडू मागण्यासाठी सुद्धा एकमेकांची भाषा थोडी शिकावी लागते. तेच हवं आहे.

आठ नावं

संघांना देशांची नावं द्या आणि ती गोव्याशी जोडलेली असू द्या. जानेवारी २०१४ मध्ये गोव्यात लुसोफोनिया क्रीडास्पर्धा भरल्या होत्या. पोर्तुगीज भाषेशी किंवा इतिहासाशी नातं असलेले देश आणि प्रदेश त्यात खेळले. त्यातलेच आठ घ्या. पहिला गट: पोर्तुगाल, अंगोला, ब्राझील, श्रीलंका. दुसरा गट: मोझांबिक, पूर्व तिमोर, केप व्हर्द, मकाव.

प्रत्येक संघासाठी एक कार्ड तयार करा. त्यावर नकाशातली जागा, झेंडा आणि खेळातली एकच गोष्ट. राजधानी, चलन, लोकसंख्या यांची जंत्री नको, ती कुणी वाचत नाही. मजकूर असा घेता येईल:

श्रीलंकेच्या कार्डावर १९९६ चा क्रिकेट विश्वचषक. स्पर्धेच्या तोंडावर कोलंबोत बॉम्बस्फोट झाला, ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडिज यांनी तिथे जायला नकार दिला. तेव्हा भारत आणि पाकिस्तान यांच्या खेळाडूंचा एकच संघ १३ फेब्रुवारीला कोलंबोत जाऊन श्रीलंकेशी खेळला. वसीम अक्रमच्या चेंडूवर सचिन तेंडुलकरने झेल घेतला, हे वाक्य मुलांना दोनदा वाचावं लागतं.

पूर्व तिमोरच्या कार्डावर सिडनी २०००. देश अजून स्वतंत्र व्हायचा होता, म्हणून तिथले चार खेळाडू ऑलिम्पिक ध्वजाखाली चालले. स्वातंत्र्य २० मे २००२ ला आलं.

पोर्तुगाल आणि अंगोला यांना मुद्दाम एका गटात ठेवलं आहे. २००१ मध्ये लिस्बनला या दोघांचा मैत्रीपूर्ण म्हणवलेला सामना इतका बिघडला की अंगोलाच्या चार खेळाडूंना बाहेर काढलं आणि खेळ मध्येच थांबवावा लागला. २००६ च्या विश्वचषकात तेच दोन संघ समोरासमोर आले, सामना शेवटपर्यंत झाला, पोर्तुगाल १-० ने जिंकला. दोन्ही संघांना दोन्ही सामन्यांची हकीकत द्या आणि विचारा: आपला कुठला होणार?

ब्राझीलसाठी रिओ २०१६, जिथे निर्वासित खेळाडूंचा दहा जणांचा संघ पहिल्यांदा उतरला. केप व्हर्दसाठी २०२६ च्या विश्वचषकाची पात्रता. गोव्याच्या निम्म्याहूनही कमी लोकवस्तीचा बेटांचा देश. मकाव चीनचा भाग असूनही फुटबॉलमध्ये स्वतःचा संघ उतरवतो, तेव्हा ‘देश म्हणजे काय’ हा प्रश्न त्यांच्या कार्डावर आपसूकच येतो.

मोझांबिकच्या कार्डावर मारिया मुतोला: सिडनीत ८०० मीटरचं सुवर्ण. पण या संघाचा खरा धडा झेंड्यात आहे. त्यावर उघडं पुस्तक आहे आणि त्यावर आडवी-तिरपी ठेवलेली कुदळ आणि बंदूक. मुलं झेंडा काढायला बसली की बंदुकीपाशी थांबतात. शिक्षकांनी लगेच उत्तर द्यायचं नाही. ‘पुस्तक कशासाठी असेल? कुदळ कशासाठी? मग बंदूक का राहिली?’ एवढंच विचारावं आणि मुलांना बोलू द्यावं.

सामान

मैदानं दोन, प्रत्येकी ३० बाय २० मीटर. कडेच्या रेषा आणि मधली रेषा मिळून १२० मीटर होतात. एका मैदानाला चुन्याची १० किलोची पिशवी घेऊन ठेवा. कोन विकत घ्यायची गरज नाही: नारळाची सोडणं पाण्यात कालवलेल्या चुन्यात बुडवून आदल्या दिवशी वाळवली की लांबून पांढरी दिसतात आणि कुणी पडलं तरी लागत नाहीत. गोल दीड मीटर रुंद. दोन बांबू आणि त्यांना बांधलेलं सुंभ. बांबूची वरची टोकं कापडाने गुंडाळा.

चेंडू चार नंबरचे, पाच: मैदानाला दोन आणि एक शिल्लक. पंप आणि दोन सुया. सुई ओली करूनच घाला, कोरडी घातली की तोंड फाटतं आणि चेंडू तासाभरात बसतो. हवा थोडी कमी ठेवा. अंगठ्याने दाबल्यावर जरा आत गेला पाहिजे.

पायांचा प्रश्न आधीच मिटवा. काही मुलं स्टड लावलेले बूट घालून येतात, काही अनवाणी. दोघं एका चेंडूवर धावली तर कोणाची बोटं चिरडणार हे सांगायला नको. एकतर सगळे अनवाणी, नाहीतर सगळे साध्या तळव्याच्या बुटांत. अनवाणी ठरवलंत तर आदल्या संध्याकाळी मुलांना हाताच्या अंतरावर ओळीत उभं करून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खडे वेचायला लावा. आपल्या जांभ्या मातीत बारीक टोकदार खडे लपलेले असतात, एका फेरीत ते सापडत नाहीत. दुसरी फेरी आडवी मारा.

पाणी माणशी एक लिटर धरा. मुलं आणि मोठे मिळून ६५-७० जणांना २० लिटरचे चार जार. ओआरएसची पाकिटं पाच, प्रत्येक एक लिटर पाण्यात. सोबत मीठ घातलेलं कोकम सरबत ठेवलं तर मुलं आपणहून पितात. पालकांची लेखी संमती, पंचायतीला पत्र, प्रथमोपचाराची पेटी, आणि १०८ ची गाडी मैदानापर्यंत येईल अशी मोकळी वाट. या वाटेवर दुचाक्या लागतात, तेवढ्यासाठी एक माणूस उभा करा.

मध्यस्थ

पंच नसतो, मध्यस्थ असतो. १५ ते १८ वयाची सहा मुलं-मुली निवडा: मैदानाला दोन, आणि दोन राखीव. निम्म्या मुली हव्यात. चांगला फुटबॉलपटू चांगला मध्यस्थ होईलच असं नाही. त्याला शिट्टी मारून निकाल द्यायची घाई असते. दोन भाषा येणारी, गप्प बसून ऐकू शकणारी मुलगी जास्त उपयोगी. शिट्टी फक्त वेळेसाठी.

आदल्या दिवशी दोन तास सराव घ्या. पहिला अर्धा तास नियम, उरलेला वेळ खोटी भांडणं. दोघांना भांडायला लावायचं आणि मध्यस्थाने सोडवायचं. उदाहरणार्थ, चेंडू हाताला लागला की नाही यावर खेळ थांबला आहे.

‘ताई, त्याने हात लावला!’
‘तू सांग, लागला?’
‘लागला नाही. छातीला लागला.’
‘बरं. दोघांच्या जवळ कोण होतं?’
‘मी होते. मला नीट दिसलं नाही.’
‘मग दोघांनी मिळून सांगा, चेंडू कुणाचा? मी दहा मोजते.’

दहा मोजेपर्यंत बहुतेक वेळा एकजण चेंडू सोडतो, कारण खेळ थांबलेला कुणालाच नको असतो. नाहीच ठरलं तर मध्यस्थ चेंडू दोघांच्या मध्ये टाकतो. ‘मला वाटतं हात लागला’ हे वाक्य मध्यस्थाच्या तोंडून कधीही निघता कामा नये. एकदा निघालं की तो पंच झाला, आणि त्यापुढे प्रत्येक वाद त्याच्याकडेच येतो.

सामना: सहा, तेरा, आठ

एका सामन्याला ३० मिनिटं. बोलणं ६, खेळ १३ (सहा-सहाचे दोन डाव आणि मध्ये एक मिनिट), पुन्हा बोलणं ८, अदलाबदलीला ३. चार संघांच्या गटात सहा सामने होतात. दोन्ही मैदानांवर एकाच वेळी सुरू केले तर तीन तास: सव्वासात ते सव्वादहा. संघांना क, ख, ग, घ म्हटलं तर क्रम असा लावा: क-ख, ग-घ, क-ग, ख-घ, ख-ग, क-घ. यात ग आणि ख यांना एकेकदा लागोपाठ खेळावं लागतं. कुठलाही क्रम लावला तरी कुणाला तरी लागतंच. त्यांना पाण्यासाठी तीन मिनिटं वाढवून द्या. प्रत्येक संघाला तीन मोकळे तास मिळतात: एक कार्डावर बोलायला, एक झेंडा काढायला, एक सावलीत बसायला. इथे तास म्हणजे अर्धा तास, शाळेच्या तासासारखा.

पहिलं बोलणं मध्यरेषेवर गोल करून, दोन्ही संघ एकाआड एक बसून. संघ संघाकडे तोंड करून बसले तर वाटाघाट होत नाही, आमनेसामने होतं. तीन नियम पक्के: घसरून चेंडू काढायचा नाही, फाऊल करणाऱ्याने स्वतः हात वर करायचा, बदली दर तीन मिनिटांनी. दोन नियम मुलांनी त्या सामन्यापुरते ठरवायचे. ‘गोल झाला की दोन्ही संघांनी टाळ्या’, ‘पडलेल्याला समोरच्या संघातल्याने उठवायचं’ असले नियम येतात. ठरलेले नियम मध्यस्थ पाटीवर लिहितो आणि पाटी रेषेजवळ ठेवतो. लिहिलं नाही तर पाचव्या मिनिटाला ‘असं ठरलंच नव्हतं’ सुरू होतं.

मुलींबद्दलच्या नियमावर थोडा विचार हवा. ‘गोलआधी मुलीच्या पायाला चेंडू लागलाच पाहिजे’ हा नियम चांगला वाटतो, पण मुलगे तोंडदेखला पास देऊन चेंडू लगेच परत घेतात. ‘मुलीचा गोल दुप्पट’ केला तर तिला गोलपाशी उभी करून ठेवतात, ती धावतच नाही. मेदेयीनचा नियम, पहिला गोल मुलीचा आणि मग सगळं मोकळं, आम्हाला सगळ्यांत बरा वाटतो. गोल उघडायचाच तर तिला खेळवावं लागतं, आणि एकदा ती खेळात आली की बाहेर राहत नाही.

शेवटची आठ मिनिटं

आळस होतो तो इथे. उशीर झाला की आधी हाच भाग कापला जातो, आणि मग उरतो नुसता पाच-पाच जणांचा फुटबॉल. उशीर झालाच तर खेळाचा डाव सहाऐवजी पाच मिनिटांचा करा, हे बोलणं कापू नका.

गुण असे: जिंकल्यास ३, बरोबरी २, हरल्यास १. शिवाय समोरचा संघ आपल्याला ० ते ३ सलोख्याचे गुण देतो. एक गुण ठरलेले दोन्ही नियम पाळल्याबद्दल, एक स्वतः हात वर केल्याबद्दल, एक सगळ्यांना खेळवल्याबद्दल. म्हणजे हरलेला संघ चार गुण घेऊन उठू शकतो आणि जिंकलेला तीनच. मुलांना हे पहिल्या सामन्यानंतर कळतं, दुसऱ्यापासून वागणं बदलतं.

दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, दोन्ही संघ डोळे मिचकावून एकमेकांना तीन-तीन देतात. उपाय: प्रत्येक गुणामागे कुणी, केव्हा, काय केलं हे सांगायचं. प्रसंग सांगता आला नाही तर तो गुण मिळत नाही. दुसरं, हरलेला संघ रागाने शून्य देतो. तिथेही तोच प्रश्न: कोणता नियम, कधी मोडला? सांगता आलं नाही की मध्यस्थ म्हणतो, ‘एक मिनिट गप्प बसू, मग पुन्हा ठरवा.’ हे एक मिनिट घड्याळ लावून पाळा. राग पुष्कळदा तेवढ्यात ओसरतो.

मोठ्यांनी या गोलात बसायचं नाही. पालक रेषेपासून पाच मीटर मागे. बाजूने ओरडणाऱ्या एका काकांमुळे सहा मिनिटांत ठरलेलं सगळं वाहून जातं.

अंतिम सामना ठेवू नका. ठेवलात की सहा संघ प्रेक्षक होतात आणि त्यांची सकाळ संपते. दोन्ही गटांचे तक्ते शेजारी लावून एकूण गुण वाचा.

सव्वादहानंतर

सगळ्यांना सावलीत किंवा सभागृहात बसवा आणि टोकियोची उंच उडी सांगा. १ ऑगस्ट २०२१, कतारचा बर्शिम आणि इटलीचा तांबेरी, दोघंही २.३७ मीटरवर बरोबरीत. २.३९ दोघांनाही जमली नाही. अधिकारी म्हणाले, निकालासाठी आणखी उड्या मारता येतील. इथे गोष्ट थांबवा. संघांना पाच मिनिटं द्या: तुम्ही काय केलं असतं? उत्तरं फळ्यावर लिहा. मगच सांगा की बर्शिमने विचारलं, दोन सुवर्णपदकं मिळतील का, आणि ती मिळाली. ‘निकाल लागायलाच हवा होता’ म्हणणारी मुलंही असतील. त्यांचं म्हणणं खोडू नका, स्पर्धेला निकाल हवा ही बाजूही खरी आहे.

पाहुण्यांचं भाषण तीन मिनिटं, आधीच सांगून. रोख बक्षीस नको, मोठी ढाल नको. प्रत्येक मुलाला प्रमाणपत्र, आणि त्यावर समोरच्या एखाद्या संघाने त्याच्याबद्दल सांगितलेला एक प्रसंग हाताने लिहिलेला. ५६ वाक्यं लिहायची तर मध्यस्थांनी प्रत्येक सामन्यानंतर वहीत टिपणं ठेवायला हवीत. शेवटी आठवून लिहायला गेलात तर सगळ्यांना ‘छान खेळलास’ मिळतं.

परिणाम मोजायचा असेल तर सकाळी मैदानात शिरताना प्रत्येकाकडून एका चिठ्ठीवर लिहून घ्या: दुसऱ्या शाळेतल्या किती मुलांची नावं तुला माहीत आहेत? नावंच लिहायला सांगा, आकडा नको. जाताना तीच चिठ्ठी पुन्हा. तीन आठवड्यांनी तिसऱ्यांदा. तिसऱ्या चिठ्ठीत नावं गळलेली दिसली तर महिन्यातून एक संध्याकाळ, त्याच संघांनी, त्याच पाट्या घेऊन खेळायची सोय करा. त्याला दोन चेंडू आणि दोन मध्यस्थ पुरतात. चेंडूंतली थोडी हवा काढून ते सावलीत ठेवा, सोडणं पोत्यात भरून कोरड्या जागी टांगा. पावसाळ्यानंतर पुन्हा लागतील.